पाचवी फीत

भिंगरीच्या पोटरीवर दोन ठिपके होते.

टेलरताई गुडघ्यांवर बसून तिच्या शाळेच्या फ्रॉकची उंची मोजत होत्या. खडू कानामागे, टाचण्या ओठांत, आणि भिंगरी नेहमीप्रमाणे एका जागी उभी राहायला तयार नाही. सात वर्षांची ही त्यांची भाची, धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. पाय फुटल्यापासून नुसती गरगर फिरते, म्हणून घरादाराची भिंगरी. तिला सरळ उभं करायला ताईंनी पाय धरला, तर मोज्यावरून बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. त्यांनी मोजा खाली सरकवला. दोन खपल्या होत्या, एकमेकींपासून अर्ध्या बोटावर, आणि भोवती पिवळट पडत चाललेला डाग.

ताईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? कशानं लागलं?"

भिंगरी छताकडे बघायला लागली. तिथे बघण्यासारखं पंख्याशिवाय काही नव्हतं.

"मी काय विचारतेय?"

"तूच म्हणाली होतीस ना, सांगायचं नाही? मग आता विचारतेस कशाला?"

"कुणी चावलं तुला?"

"चावलं नाही काही. उचललं तर दात लागला. चिंधीचा."

जिन्याखालच्या पाच पिल्लांपैकी दुसरं कुठलंही नाव या पोरीच्या तोंडून निघालं असतं, तर त्या नुसत्या रागावल्या असत्या. चिंधीचं नाव निघालं आणि त्यांचे हातपायच गळाले.

"कधी?"

"रविवारी."

आज गुरुवार होता. ताईंनी बोटांवर दिवस मोजले आणि परत एकदा मोजले, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर ते कमी भरणार होते.

आता त्यांना एवढं घाबरायला काय झालं ते सांगायला हवं, कारण ते त्या एकट्यांनाच ठाऊक होतं. चार मजल्यांच्या त्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ताई, भाऊ, भावजय आणि भिंगरी अशी चौघं राहत. पुढच्या खोलीत ताईंचं शिलाई मशीन. लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. इमारतीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ असल्यामुळे सगळे त्यांना थोडे वचकूनच असत. साडेतीन-चार महिन्यांपूर्वी गल्लीतली एक तपकिरी कुत्री जिन्याखाली, ताईंच्या कातरणांच्या पोत्यात व्याली. त्या दिवसापासून जिना तिच्या मालकीचा झाला, म्हणून तिचं नाव मालकीण. पिल्लांना ताईंनी आपल्या धंद्यातली नावं वाटली. कॉलर, बटण, अस्तर, काज, आणि सगळ्यात लहान, उरल्यासुरल्या कापडातून बेतल्यासारखं, ते चिंधी.

इमारतीचे सेक्रेटरी शिस्तीचे. काठी टेकत आले आणि म्हणाले, "टेलरताई, पिल्लं ठेवायची तर आईला आणि पाचही पिल्लांना रेबीजची लस. एकही राहता कामा नये. नाहीतर मी कुत्री पकडायची गाडी बोलावतो."

यात खरं तर चुकीचं काहीच नव्हतं, पण ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पिल्लं जातील या एका भीतीनं त्यांनी पुढचं सगळं केलं. इमारतीतल्या पोरांना जिन्याखाली जमवून त्यांनी दम भरला, "खेळताना ओरखडा आला, दात लागला, तर बोंबलत घरी जायचं नाही. कुणालाही सांगायचं नाही. मोठ्यांना कळलं की पिल्लांची गाडी आली म्हणून समजा." पोरांनी शपथा घेतल्या. पोरं शपथेला फार पक्की असतात.

पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर एका रविवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई बर्फाचा डबा घेऊन आल्या. मालकिणीला टोचलं. ताईंनी एकेक पिल्लू मांडीत दाबून धरलं, बाईंनी टोचलं, आणि टोचलेलं ओळखू यावं म्हणून ताईंनी प्रत्येकाच्या गळ्यात लाल साटीनची फीत बांधली. कल्पना त्यांचीच, आणि तिचं सगळ्यांनी कौतुकही केलं. चौघं झाली. पाचवं चिंधी सुई बघून जे पळालं ते पंपाच्या खोलीत पाइपांच्या मागे जाऊन बसलं. अर्धा तास झाला, बिस्कीट झालं, दूध झालं, ते काही बाहेर येईना. डॉक्टरीणबाईंना पुढे जायचं होतं. कागदावर त्यांनी चार पिल्लं लिहिली आणि म्हणाल्या, "राहिलेलं शनिवारी दवाखान्यात घेऊन या. तोवर मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका."

पाच वाजता सेक्रेटरी मोजायला येणार होते. पाचला दहा मिनिटं कमी असताना चिंधी आपणहून बाहेर आलं आणि शेपूट हलवत भावंडांत जाऊन बसलं. पाच पिल्लं आणि चार फिती. ताईंच्या हातात साटीनचा तुकडा तसाच होता. त्यांनी तो चिंधीच्या गळ्यात बांधला. शनिवारपर्यंतच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सेक्रेटरींनी काठीनं एकेक फीत दाखवत पाच मोजल्या आणि "उत्तम" म्हणून वर गेले.

पहिल्या शनिवारी शाळेच्या गणवेशांची घाई होती. दुसऱ्या शनिवारी दवाखाना बंद निघाला. तिसऱ्या शनिवारी, खरं सांगायचं तर, ताईंना आठवलंच नाही. येता-जाता ती फीत बघून बघून त्यांचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला होता.

तर अशी ही भीती.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं ते सगळ्यांना माहीत असतं. ताईंनी ते केलं नाही. "इथेच बस, हलू नकोस," असं भिंगरीला सांगून त्या आधी चिंधीला बघायला गेल्या. पिल्लू धडधाकट दिसलं की सगळं आपोआप मिटेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. जिन्याखाली चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. चिंधी नव्हतं.

ते पंपाच्या खोलीत होतं. ताईंनी दार ढकललं. आत ओल्या सिमेंटचा वास आणि पंपाची घरघर. पाइपाच्या सांध्यातून गळणाऱ्या पाण्याचं जमिनीवर छोटं डबकं झालं होतं आणि चिंधी त्याच्या काठाशी उभं होतं. "चिंधू," ताईंनी हळूच हाक मारली. एरवी या हाकेला ते उड्या मारत यायचं. आत्ता त्यानं मान वळवली आणि ताईंकडे असं पाहिलं की ताई आहेत की भिंत आहे, त्याला काही फरक पडत नव्हता. मग त्यानं तोंड पाण्यात घातलं. जीभ हलली, पण पाणी आत जाईना. ते तसंच ओठांच्या कडेनं परत खाली पडलं, त्यात फेसाची एक लांब तार. पिल्लानं परत तोंड घातलं, परत तेच. मग ते गुरगुरलं, ताईंवर नाही, पाण्यावर.

ताईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. कडी लागली की नाही ते तीनदा हलवून पाहिलं. त्यांनी आवंढा गिळला, आणि तो गिळता आला याचंच त्यांना हायसं वाटलं.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा विचारलं, "हे पाचवं का? आणायचं राहिलेलं?"

"हो."

मग बाई भराभर बोलायला लागल्या. "मुलीचा पाय आत्ताच्या आत्ता नळाखाली धरा. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. वर काही फासू नका, बांधू नका. आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात. उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता. पिल्लाला कुणी हात लावायचा नाही, मी येऊन नेते."

"बाई, त्याला तेच झालं असेल का?"

"मला माहीत नाही. आणि ते कळायची वाट बघायची नसते. फीत असो, नसो, लस दिलेलं असो, नसो, दात लागला की धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. एवढंच सांगायचं होतं हो मुलांना."

ताईंनी पोरांना नेमकं उलटं सांगितलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि भिंगरीचा पाय नळाखाली धरला. भिंगरीला मजा वाटत होती. "आत्या, गुदगुल्या होतात," म्हणून ती हसत होती, आणि ताईंना ते हसणं ऐकवत नव्हतं. चार दिवस. त्या दोन ठिपक्यांतून आत काय शिरलं असेल, कुठवर पोचलं असेल, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत? नसांमधून ते वर वर चढतं असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्या पोटरीवर साबण घासत होत्या आणि नजर भिंगरीच्या चेहऱ्यावर होती.

एवढ्यात भावजय आली. लाँड्रीच्या काउंटरवर तिची सकाळची पाळी असे, तीनला ती घरी येई. भाऊ ट्रक घेऊन दोन दिवसांच्या खेपेवर गेलेला. दारात चपला काढता काढता तिनं विचारलं, "काय झालं? पाय का धुताय?"

ताईंनी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. तेच त्या म्हणाल्या, "काही नाही गं. पिल्लाचा दात लागलाय जरा. म्हटलं, खबरदारी म्हणून हॉस्पिटलात दाखवून आणू."

भावजय दमलेली होती. ती स्टुलावर टेकली. "लस दिलेलं पिल्लू आहे ना ताई? मग कशाला एवढी धावपळ? उद्या यांना येऊ दे, मग जाऊ निवांत."

झालं. ताईंचं खोटं ताईंच्याच वाटेत आडवं येऊन बसलं. आता एक तर ते उचलायचं, नाहीतर उद्यापर्यंत थांबायचं. नळ चालू होता. ताईंना या घरातून बाहेर काढलेलं आपलं मशीन डोळ्यांसमोर दिसलं. भावाचा चेहरा दिसला. पन्नाशी ओलांडल्यावर बाईनं कुठे जायचं, हेही मनात येऊन गेलं. मग भिंगरीनं पाय हलवला आणि बाकी सगळं पुसलं गेलं.

"चिंधीला लस दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "ते पळून गेलं होतं. मी नुसतीच फीत बांधली. सेक्रेटरींना दाखवायला. आणि आत्ता मी त्याला बघून आलेय, त्याला पाणी गिळता येत नाहीये."

भावजय ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूहळू ताईंच्या हातातला पाय स्वतःच्या हातात घेतला.

"मला माहीत होतं हे," ती पायाकडे बघत म्हणाली. "रविवारी आंघोळ घालताना दिसलं मला. साबणानं धुतलं. मग जिन्याखाली जाऊन बघून आले. गळ्यात फीत होती. म्हटलं, ताईंनी स्वतःच्या हातानं बांधलीय, मग घाबरायचं कारण नाही. बोभाटा केला तर सेक्रेटरी पिल्लं नेतील आणि तुम्ही आठ दिवस जेवणार नाही. म्हणून मीच हिला म्हटलं, आत्याला सांगू नकोस, तिला उगाच वाईट वाटेल."

ताईंच्या कानाखाली कुणी वाजवली असती तर ती त्यांनी सोसली असती. त्यांच्यासाठी म्हणून कुणी गप्प बसलं होतं, हे सोसण्यापलीकडचं होतं.

पंधरा मिनिटं भरली. भावजयीनं नळ बंद केला, भिंगरीला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या. सात वर्षांची मुलगी कडेवर मावत नव्हती, पण तिनं खाली ठेवली नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर त्यांचा नंबर यायला वेळ होता. हिरव्या भिंती, फिनेलचा वास, कुणाचं तरी रडणारं तान्हं. ताई एका टोकाला, भावजय दुसऱ्या टोकाला, मध्ये भिंगरी. ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरली.

"नको," भिंगरी म्हणाली.

ताईंनी बाटली तिच्या ओठांशी नेली. "एक घोट घे."

"नकोय मला."

"अगं घोटभर. शहाणी ना तू?"

"नको म्हटलं ना!" भिंगरीनं बाटली ढकलली. पाणी ताईंच्या मांडीवर सांडलं. त्यांनी वर पाहिलं तर भावजयीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. दोघींना एकच सुचलं होतं, आणि दोघीही ते तोंडातून काढत नव्हत्या. आजूबाजूची माणसं बोलत होती, शिंकत होती, पण या दोघींना काही ऐकू येत नव्हतं.

मग भिंगरी कुरकुरली, "ती बाटली प्लॅस्टिक-प्लॅस्टिक लागते. मला तिथलं थंड पाहिजे," आणि बाकावरून उडी मारून कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेली. ती दोन पेले गटागट प्यायली, तिसरा भरून तिनं निम्मा अंगावर सांडला. ताईंचा जीव भांड्यात पडला. भावजयीनं पदरात तोंड लपवलं आणि ती पहिल्यांदा रडली.

डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. ताईंनी त्यांना काही लपवून न ठेवता सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं असेल असं वाटलं होतं, तसं ते नव्हतं. डॉक्टरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. "त्याच दिवशी साबणानं धुतलं ते फार चांगलं केलं," ते भावजयीला म्हणाले. "चार दिवस उशीर झालाय, पण हातातली वेळ गेलेली नाही. आज जखमेभोवती इंजेक्शन आणि दंडात लस. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. यातलं एकही चुकवायचं नाही. घरी लग्न असो, परीक्षा असो."

जखमेभोवतीचं इंजेक्शन देताना भिंगरीला धरायला दोघी लागल्या. भिंगरी किंचाळत होती, "आत्या, सोड! मी कुणाला सांगितलं नाही ना! मी सांगितलं नव्हतं ना कुणाला!" तिला वाटत होतं की तिला शिक्षा चालली आहे आणि ती चुकून झाली आहे. ताईंनी पाय घट्ट धरून ठेवला आणि तोंड फिरवलं नाही. एवढं तरी आपण बघायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरांची नजर ताईंच्या बोटांवर गेली. सुया टोचून टोचून ती सगळी भोकांची झाली होती. "तुम्ही पिल्लांना हातानं भरवायचात?"

"दुधात पाव कुस्करून. चिंधी बोटं चाटायचं."

"मग तुम्हीही दंड काढा," डॉक्टर म्हणाले. "आणखी कोण कोण खेळायचं त्याच्याशी?"

ताईंनी डोळ्यांसमोर इमारत आणली. एकेक मजला, एकेक दार, एकेक शपथ घेतलेलं पोर.

"नऊ मुलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या एकट्याच जिना चढल्या. पहिल्याच मजल्यावर सेक्रेटरी. दार उघडून ते उभे राहिले आणि ताईंनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, फीत खोटी होती, पिल्लू आजारी आहे, डॉक्टरीणबाई त्याला घेऊन गेल्या आहेत, ज्याला ज्याला त्याचा दात, ओरखडा, लाळ लागली असेल त्यानं आजच हॉस्पिटलात जायचं. सेक्रेटरींनी काठी भिंतीला टेकवली. आता हे आपल्याला फाडून खाणार, असं वाटून ताईंनी खाली बघितलं. पण सेक्रेटरींनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्यावर बारीक चीर होती.

"सोमवारी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रोज सकाळी मी त्याला बिस्कीट देतो. म्हटलं, मीच मोजलेल्या फिती, आता बोंब कुठे मारू?"

ताई वर चढत गेल्या. प्रत्येक दारात मुलाला समोर उभं करून विचारायच्या, आणि प्रत्येक मूल आधी आईकडे, मग ताईंकडे बघून म्हणायचं, "काही नाही लागलं." शेवटी त्यांना उमजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या मुलापुढे त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, सांगायचं नाही म्हणून? ते मी चुकीचं सांगितलं होतं. मी चुकले. आता खरं सांगायचं."

त्यानं थोडा विचार केला. मग शर्टाची बाही वर केली.

चौथ्या मजल्यापर्यंत नऊपैकी पाच मुलांच्या अंगावर खुणा निघाल्या. कुणाच्या मनगटावर ओरखडा, कुणाच्या टाचेला दात, एकीच्या तर चक्क गालावर. ती आईला म्हणाली होती, दाराची कडी लागली. आया ताईंना जे बोलायचं ते बोलल्या. एकीनं दार तोंडावर आपटलं. एकीनं नुसतंच म्हटलं, "तुमच्या भरवशावर सोडत होतो हो आम्ही." ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येकीला हॉस्पिटलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली.

रविवारी, दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी, चिंधी गेलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ते पिंजऱ्यात कोपऱ्यात तोंड खुपसून पडलं होतं, शेवटी कुणालाच ओळखत नव्हतं. नमुना तपासायला पाठवला होता, आठवडाभरात कळणार होतं. मालकीण आणि उरलेली चार पिल्लं त्यांच्याकडेच वेगळी ठेवलेली होती. जिन्याखालची जागा सेक्रेटरींनी औषध टाकून धुवून घेतली.

मग सुरू झाले ते दिवस. भाऊ घरी आला, त्यानं सगळं ऐकलं, आणि तेव्हापासून ताईंशी तो एक शब्द बोलला नव्हता. भावजय कामापुरतं बोलायची, "मीठ आहे," "नळ आला," असं. भिंगरी मात्र आपल्या दंडावरच्या पट्ट्या शाळेत सगळ्यांना दाखवून मोठी झाली होती. ताई मशीनवर बसून तिच्यावर नजर ठेवायच्या. तिनं डोकं खाजवलं तरी त्यांचं शिवण वाकडं जायचं. तिला एकदा ठसका लागला तर ताई उठून उभ्या राहिल्या आणि मशीनवरची कात्री खाली पडली. रोज सकाळी पहिला पेला पाणी त्या तिला स्वतःच्या हातानं द्यायच्या आणि ते घशाखाली उतरताना बघत राहायच्या. चहा, दूध, पाणी, घोट मोजत. ही धास्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

तिसरं इंजेक्शन गुरुवारी झालं. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. घरात ताई आणि भावजय दोघीच होत्या. भावजय आत भाजी चिरत होती.

"रिपोर्ट आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेबीजच होता."

ताईंनी भिंतीचा आधार घेतला.

"ऐकताय ना? इंजेक्शनं वेळेवर चाललीत ना? मग तीच चालू ठेवा. मी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी बोलले. ज्यांचं सगळं नीट चाललंय त्यांच्याबद्दल त्यांना आशा आहे. पण आता कुणी कंटाळून मध्येच सोडता कामा नये. एकही नाही."

फोन बंद झाला. आतून सुरीचा आवाज येत होता, टक टक टक. ताई तशाच उभ्या राहिल्या. आणि त्यांच्या डोक्यात तो जुना, समजूतदार, गोड आवाज बोलायला लागला. कशाला सांगायचं? इंजेक्शनं तर चालूच आहेत. सांगून काय होणार? ती बिचारी उगाच झुरणार. भाऊ ट्रकवर असतो, त्याचं लक्ष विचलित होईल. अजून दोन राहिलीत, ती होऊ देत, मग सांगू. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. फक्त तेवढंच.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तोच शनिवारपर्यंत थांब म्हणाला होता.

त्या आत गेल्या. "रिपोर्ट आलाय," त्या म्हणाल्या. "चिंधीला रेबीजच होता."

सुरी थांबली. भावजय खाली बसली, तिथेच, ओट्याला पाठ लावून. ताई दारातच उभ्या होत्या. आता ही काय म्हणेल, निघा म्हणेल, का काहीच म्हणणार नाही, हे त्यांना कळत नव्हतं, आणि यापैकी कशाची जास्त भीती वाटतेय तेही ठरवता येत नव्हतं.

"फोन कधी आला?" भावजयीनं विचारलं.

"आत्ता. दोन मिनिटं झाली."

"दोनच मिनिटं?"

"हो."

भावजयीनं डोळे पुसले आणि त्या आठ दिवसांत पहिल्यांदा नीट ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उठली. हात धुतले, विस्कटलेले केस मागे सारले.

"दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं काल पोराला नेलंच नाही तिसऱ्या इंजेक्शनाला," ती म्हणाली. "म्हणे ताप येतो, आता बस झालं. आणि चौथ्या मजल्यावरचे गावाला निघालेत उद्या, शेवटची दोन राहिली तरी चालतील म्हणतात. त्यांना आज कळायला हवं."

"मी जाते," ताई म्हणाल्या.

"एकट्या नका जाऊ. तुमच्या तोंडावर दार लावतात ते. मी येते."

दोघी जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर दोघी जरा थांबल्या, दम खाल्ला. मग बेल भावजयीनं वाजवली. आत पावलं वाजली, कडी निघाली, आणि भावजय एक पाऊल बाजूला झाली, कारण बोलायचं ताईंनाच होतं.